नब्ज आणि नफ्स

सूरह यूसुफमधील प्रसंग आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. पुत्राच्या विरहात हजरत याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे पडले आणि पुढे यूसुफ (अ.) यांचा सदरा चेहऱ्यावर टाकताच त्यांना पुन्हा दिसू लागले. दृष्टी परत येणे हा मोजिजा होता. त्यातून वैद्यकशास्त्र काढण्याचा आमचा इरादा नाही. परंतु दुःख माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचते, ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी बाहेरून येऊन शिकवावी लागली नव्हती, एवढे मात्र खरे. सहीह बुखारीत तलबीनाचा उल्लेख आहे. तलबीना म्हणजे जवाच्या पिठाची पातळ लापशी. घरात मय्यत झाली आणि आलेल्या बायका आपापल्या घरी परतल्या की हजरत आयशा (र.) घरच्या माणसांसाठी तलबीना शिजवायला सांगत. आजाऱ्याच्या काळजाला तिने आराम पडतो व दुःख काहीसे हलके होते, असे त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांच्याकडून ऐकले होते. म्हणजे मनाच्या दुखण्यावर पोटातून जाणारा उपाय.

असे असूनही आज आपल्या मोहल्ल्यात काय दिसते? एखाद्या बाईची छाती धडधडते, हातपाय गार पडतात, अन्न जात नाही. रक्ताची तपासणी होते, पट्टी निघते, सर्व ठीक असल्याचे कळते. मग घरात दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, हिला काही झालेले नाही, नाटक आहे, नमाज पढत नाही म्हणून असे होते. दुसरे म्हणतात, कोणीतरी काही केले आहे. पहिले तिला गप्प बसवतात आणि दुसरे तावीजासाठी पैसे गोळा करतात. तिच्या घरात सहा महिन्यांपूर्वी काय घडले, हे विचारणारा कोणी नसतो. आणि कधी याच्या अगदी उलटही होते. त्याविषयी पुढे लिहूच.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. हकीम नाही आणि डॉक्टरही नाही. परंतु या विषयावर आपल्या पूर्वजांनी काय लिहून ठेवले आहे, हे शोधू लागलो तेव्हा ज्या माणसाने आम्हाला सर्वांत जास्त थांबवून ठेवले तो एका शिक्षकाचा मुलगा निघाला, आणि तरुणपणी स्वतःही मुलांना शिकवीत असे. अबू जैद अहमद बिन सहल अल-बल्खी. जन्म सुमारे इ. स. ८५० चा, आजच्या अफगाणिस्तानातील बल्खजवळच्या शामिस्तियान नावाच्या खेड्यात. इल्मच्या ओढीने ते इराकला गेले. तत्त्वज्ञ अल-किंदी यांच्या शिष्यपरंपरेत त्यांची गणना होते. परतून आले ते आपल्याच मुलुखात राहिले आणि हिजरी ३२२ मध्ये, म्हणजे ९३४ साली, वारले. भूगोलाच्या इतिहासात त्यांचे नाव नकाशांमुळे आहे. बल्खी पद्धतीचे नकाशे म्हणून एक परंपराच ओळखली जाते. आमच्या विषयाशी संबंध आहे तो त्यांच्या ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’ या ग्रंथाचा. नावाचा अर्थ सरळ आहे : शरीरांचे आणि मनांचे हित. पहिला भाग शरीराचा. त्यात हवा, घर, पाणी, अन्न, झोप, हमाम असे सर्व आले. दुसरा भाग मनाचा, आठ प्रकरणांचा. हे हस्तलिखित इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहात शतकानुशतके पडून होते. १९८४ साली फुआत सेझगीन यांनी फ्रँकफुर्टहून त्याची जशीच्या तशी छपाई केली आणि २०१३ मध्ये सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बदरी यांनी दुसऱ्या भागाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. अकराशे वर्षांपूर्वीचे हे पुस्तक सामान्य वाचकाच्या हाती येऊन अजून फार दिवस झालेले नाहीत.

बल्खींची तक्रार त्यांच्या काळच्या तबीबांविषयी आहे. शरीराचे औषध सर्वजण लिहितात, मनाचे कोणी लिहीत नाही, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे साधे आहे. माणूस शरीर आणि नफ्स या दोहोंचा मिळून बनलेला आहे. शरीर आजारी पडले की मनाची समज आणि आनंद घेण्याची ताकद कमी होते. मन दुखावले की शरीराला कशातच गोडी वाटत नाही आणि हळूहळू शरीरही आजारी पडते. त्यातही शरीराचा आजार कधीतरी येतो, काहींना तर वर्षानुवर्षे येत नाही. राग, भीती आणि दुःख मात्र रोजचेच आहेत. तेव्हा मनाची निगा राखण्याची गरज अधिक वारंवार पडते. त्यांनी मनाचे विकार चार गटांत मांडले : राग, भीती, दुःख आणि वसवसा. वसवसा म्हणजे तोच तोच नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणे. अशा माणसाने एकटे राहू नये, रिकामे बसू नये, असा त्यांचा सल्ला आहे. वसवसा हा शब्द आपण केवळ शैतानाच्या संदर्भात वापरतो. बल्खींनी त्याचा आजार म्हणूनही विचार केला आणि त्यावर उपाय लिहिला.

दुःखाविषयी त्यांनी केलेला भेद आम्हाला फार मोलाचा वाटतो. एक दुःख असे की ज्याचे कारण समोर आहे. माणूस गेला, माल बुडाला, प्रिय वस्तू हरवली. दुसरे असे की ज्याचे कारणच सापडत नाही, पण जे माणसाला सोडतही नाही, हसू देत नाही, काम करू देत नाही. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ त्यांनी शरीरात, रक्ताच्या बिघाडात मानले आणि त्यासाठी शरीरावर उपचार सांगितले. सोबत चार माणसांत बसणे आणि दिलासा देणारे बोलणे हेही सांगितले. त्यांचे रक्ताचे शास्त्र आज कोणी मानणार नाही. पण बिनकारण उदास असलेल्या माणसाला त्यांनी नाशुक्रा ठरवले नाही, हे लक्षात घ्यावे. आणखी एक सूचना आहे. शहाणा माणूस घरात अचानक लागेल म्हणून औषधे ठेवतो. त्याचप्रमाणे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे राग किंवा भीती एकदम चालून आली की ते हाताशी असतात.

बल्खी काही रानात एकटे बोलत नव्हते. युनानी तिब्बमध्ये ‘अस्बाबे सित्ता जरुरिया’ नावाचा एक पाया आहे. माणसाच्या आरोग्यासाठी ज्यांच्यावाचून चालत नाही अशी सहा कारणे : हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीरातून जे बाहेर जायचे ते जाणे व जे राहायचे ते राहणे. यातील चौथे, ‘हरकत-ओ-सुकूने नफसानी’, म्हणजे राग, आनंद, भय, शरम, चिंता. मालेगाव, पुणे, मुंबई येथील युनानी महाविद्यालयांत शिकणारी मुले आजही ही सहा नावे पाठ करतात. सहांतले एक, हे येथे महत्त्वाचे. मन म्हणजेच सर्व काही, असे या शास्त्राने कधी म्हटले नाही.

याचा उत्तम दाखला म्हणजे जकरिया राझी यांची गोष्ट. निजामी अरूझी समरकंदी यांनी बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘चहार मकाला’ या फारसी ग्रंथात ती आहे. बुखाऱ्याचा सामानी अमीर मन्सूर बिन नूह याचे सांधे असे धरले की त्याला उठता येईना. तबीब थकले. राझींना बोलावणे गेले. वाटेत जैहून नदी आली. राझी म्हणाले, मी नावेत बसणार नाही. शेवटी शिपायांनी हातपाय बांधून त्यांना नावेत घातले. पलीकडे गेल्यावर सोडले, तर हा माणूस रागावलेला नाही! तुम्हाला राग कसा आला नाही, असे विचारल्यावर त्यांनी दिलेले उत्तर मासलेवाईक आहे. दरसाल हजारो लोक ही नदी पार करतात आणि बुडत नाहीत, हे मला माहीत आहे. परंतु मी आपणहून बसून बुडालो असतो तर लोक मला मूर्ख म्हणाले असते, बांधून नेल्यावर बुडालो असतो तर बिचारा म्हणाले असते.

बुखाऱ्यात त्यांनी बरेच उपाय केले, गुण आला नाही. मग ते म्हणाले, उद्या वेगळा इलाज करतो, पण त्यासाठी तबेल्यातील सर्वांत वेगवान घोडा आणि खेचर द्यावे लागेल. दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या हमाममध्ये अमिराला एकट्याला नेले. घोडा आणि खेचर दाराशी उभे होते. राझींनी अमिराला कोमट पाण्याने न्हाऊ घातले, सांध्यांसाठी सरबत पाजले, वेळ जाऊ दिला. मग बाहेर जाऊन कपडे चढवले, परत आले आणि अमिराच्या तोंडावर त्याला शिव्या देऊ लागले. मला बांधून नावेत टाकायला लावलेस, आता बघ, म्हणत त्यांनी सुरा काढला. अमीर संतापाने आणि काहीशा भीतीने ताडकन उठून उभा राहिला. राझी तेथे एक क्षणही थांबले नाहीत. नोकरासह स्वार होऊन त्यांनी जैहून ओलांडली, मर्व गाठले आणि तेथून अमिराला पत्र लिहिले : आपल्या शरीराची नैसर्गिक उष्णता मंदावली होती, दवेने काम लांबले असते, म्हणून इलाजे नफसानी केला, आता आपली पुन्हा भेट न होणे बरे. बरा झालेल्या अमिराने त्यांच्याकडे खिलअत, घोडा आणि सालाना तनखा पाठवून दिला.

गोष्ट रंगतदार आहे, पण इतिहास म्हणून ती तपासली पाहिजे. राझी ९२५ साली वारले. मन्सूर बिन नूह गादीवर आला ९६१ मध्ये. म्हणजे हे दोघे हमाममध्ये समोरासमोर आलेच नसणार. राझींनी ‘किताबुल मन्सूरी’ अर्पण केली ती रय्यचा सामानी सुभेदार मन्सूर बिन इसहाक याला. निजामींनी दोन मन्सूर एकत्र केले असावेत. आपल्याकडे अशा गोष्टी वाजच्या मजलिशीत खऱ्या इतिहासासारख्या सांगितल्या जातात, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहोत. परंतु घडली नसली तरी ही गोष्ट बाराव्या शतकातील सुशिक्षित माणसाला चांगला तबीब कसा वाटत होता, हे सांगते. शिवीच्या आधी न्हाण आणि सरबत आहे. सांध्यांवर औषध पोहोचल्यावर मगच रागाला कामाला लावले. अमिराला शिव्या देऊन थेट उभे केले, असे निजामीही लिहीत नाहीत.

खुद्द राझींच्या नावावर जे सांगितले जाते ते याहून शांत आहे : तबिबाला स्वतःला खात्री नसली तरी त्याने रुग्णाच्या मनात बरे होण्याची आशा जागवावी, कारण शरीराची प्रकृती नफ्सच्या मागे चालते. त्यांनी ‘अत-तिब्बुर रूहानी’ हे वेगळे पुस्तक लिहिले ते मन्सूर बिन इसहाकसाठीच.

इब्ने सिना (९८०-१०३७) यांची इश्कच्या आजाराची कथा बहुतेकांना माहीत असते. गुरगानमध्ये एक तरुण झुरत चालला होता. इब्ने सिनांनी त्याच्या नाडीवर बोट ठेवले आणि शहराचे जाणकार माणूस बोलावून मोहल्ल्यांची, मग गल्ल्यांची, मग घरांची, मग माणसांची नावे घ्यायला लावली. एका नावाशी नाडी उसळली. ‘कानून’मध्येही ही रीत दिलेली आहे, आणि दुसऱ्या शतकात जालिनूसने एका स्त्रीची अशीच परीक्षा केल्याची नोंद त्याहून जुनी आहे. नाडीचा उपयोग येथे मनाचे माप म्हणून झाला. मनातली गोष्ट तोंड लपवते, मनगट लपवू शकत नाही.

बीमारिस्तानांचा उल्लेख थोडक्यात करतो. दमास्कसचे नूरुद्दीनचे ११५४ मधील, कैरोचे सुलतान कलावूनचे १२८४ मधील, ही नावे सर्वज्ञात आहेत. एदिर्ने येथे सुलतान बायझीद दुसरा याने १४८८ मध्ये पूर्ण केलेल्या दवाखान्यात सतराव्या शतकातील प्रवासी एवलिया चेलेबी याने गवई आणि वादक आठवड्यातून तीनदा रुग्णांसाठी वाजवताना पाहिल्याचे लिहिले आहे. त्या इमारतीत पुढे वैद्यकीय संग्रहालय झाले. दवाखान्याच्या वक्फमधून साजिंद्यांचा पगार निघत असे, ही गोष्ट संगीताविषयी आपल्याकडे ज्या चर्चा होतात त्या वेळी आठवावी.

आता हे सर्व वाचून ‘आमच्याकडे सर्व काही आधीच होते’ असे म्हणून थांबणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. बल्खी आणि इब्ने सिना यांनी निरीक्षण केले, पण मन खरोखर किती काम करते आणि औषध किती, हे वेगळे काढून मोजायची रीत त्यांच्याजवळ नव्हती. ती युरोपात आली. १७९६ मध्ये अमेरिकेतील एलिशा पर्किन्स याने धातूच्या दोन लहान सळयांचे पेटंट घेतले. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या की दुखणे जाते, असा दावा होता. लंडनमध्ये त्या पाच गिनींना विकल्या जात. १७९९ साली बाथ शहरात डॉ. जॉन हेगार्थ यांनी लाकडाच्या तशाच सळया करून रंगवल्या आणि जुनाट संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचांपैकी चौघांना बरे वाटले. दुसऱ्या दिवशी खऱ्या सळया फिरवल्या, तरी निकाल तोच. हेगार्थ यांनी कल्पनाशक्ती ही आजाराचे कारणही होऊ शकते आणि उपचारही, असे पुस्तकाच्या नावातच म्हटले.

पुढे हे काम अधिक बारीक झाले. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे दाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून निरुपद्रवी द्रव दिला. काहींच्या वेदना कमी झाल्या. मग अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर तो आराम ओसरला. याचा अर्थ भरवशामुळे शरीराने स्वतःची वेदनाशामके तयार केली होती. ‘मनाचे खेळ’ म्हणून हसण्यासारखी ही गोष्ट नव्हती. १९९५ मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तसा भार नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलीमीटरची सारखीच लहान जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे वर्षानुवर्षे करणाऱ्या आपल्या घरातील सुनांना हा आकडा कोणी वाचून दाखवायला हवा. खरे तर त्यांच्या नवऱ्यांना.

आणि आता ती उलट बाजू. विसाव्या शतकात पोटाच्या अल्सरचे कारण चिंता आणि स्वभाव, हे इतके पक्के मानले गेले की डॉक्टर रुग्णाला सुट्टी घ्या, राग कमी करा, दूध प्या, असे सांगत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातील एक वाकडा जंतू वाढवून दाखवला. कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जंतू प्याले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. ज्यांना आयुष्यभर ‘तुझा स्वभावच असा’ म्हणून ऐकावे लागले, त्यांचा आजार दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी जाणारा होता.

आमच्या अम्मींचा तसाच होता. अब्बांच्या इंतेकालनंतर त्यांच्या पोटात जळजळ सुरू झाली. शहरातील एका दवाखान्यात त्यांना सांगितले गेले, टेन्शन आहे, अल्लाहला याद करा. त्यांनी याद केली. तीन वर्षे केली. आम्हीही तेच म्हणत राहिलो, कारण अब्बा गेल्याचे दुःख आम्हाला दिसत होते आणि पोटातले काही दिसत नव्हते. अखेर रक्ताची उलटी झाली, दुर्बिणीने तपासणी झाली, व्रण आणि जंतू दोन्ही सापडले. गोळ्यांनी व्रण भरला. दुःख होतेच, ते खोटे नव्हते. पण त्याच्या नावाखाली तीन वर्षे कोणी पोट पाहिले नाही.

तरी मन अल्सरमधून पूर्ण निर्दोष सुटले असेही नाही. हा जंतू पोटात असूनही बहुसंख्य लोकांना व्रण होत नाही. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानी डॉक्टरांनी जठराच्या व्रणांचे रुग्ण वाढल्याची नोंद केली. तेव्हा सहा कारणांपैकी एक, ही जुनी मोजणी आम्हाला अजूनही उपयोगाची वाटते. एक सापडले म्हणून उरलेली पाच पाहायची सोडू नयेत.

गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यावर २००८ च्या सुमारास ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांनी आलेल्या माणसाला दुआही द्यावी आणि तेथेच बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवावे, अशी त्याची रीत. त्याआधी सात वर्षांपूर्वी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका आसऱ्यात साखळदंडाने बांधलेली २८ माणसे आगीत जळून मेली होती. बल्खींनी ज्यांना एकटे सोडू नका म्हटले, त्यांना आपण खांबाला बांधून ठेवले होते.

गेल्या काही वर्षांत आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगा रोज तिसऱ्या तासाला पोट धरून बसू लागला. तिसरा तास गणिताचा. स्टाफरूममध्ये सर्वांनी एकमताने निदान केले. आम्ही अम्मींच्या अनुभवाने घाबरलेले होतो, म्हणून आधी त्याला डॉक्टरकडे न्यायला त्याच्या आईला सांगितले. जंत निघाले, औषध झाले, पोट निम्मे थांबले. उरलेल्या निम्म्यासाठी एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसलो. गणिताविषयी त्याला काहीच अडचण नव्हती. त्याचे वडील चार महिन्यांपूर्वी रियाधला गेले होते आणि ते फोन करत तो वेळ नेमका तिसऱ्या तासाचा होता. घरी आई एकटी बोलत असे, हा शाळेत असे. आम्ही त्याच्या आईला निरोप पाठवला की फोन रात्री करायला सांगा.